नांगर थांबल्यानंतरची जमीन

इंग्लंडच्या पूर्व भागात होम फेन नावाची दलदलीची जागा आहे. तिथे १८५१ च्या सुमारास एक बिडाचा खांब जमिनीत उतरवला गेला. तळाशी तो चिकणमातीत पक्का रोवला आणि वरचं टोक जमिनीच्या पातळीला ठेवलं. आज तोच खांब जमिनीवर सुमारे ४ मीटर उभा आहे. तो तसूभरही वर आलेला नाही, जमीन खाली गेली आहे.

शेजारीच व्हिट्लसी मियर नावाचं मोठं, उथळ तळं होतं. ते आटवून जमीन लागवडीखाली आणायचं जमीनदारांनी ठरवलं. चर खणले, पंप बसवले, पाणी गेलं. दलदलीतल्या पीट मातीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे हजारो वर्षांचे थर असतात. पाण्याखाली प्राणवायू पोहोचत नाही, त्यामुळे सूक्ष्मजीवांना हा पाला नीट पचवता येत नाही आणि थरावर थर चढत जातात. पाणी काढल्यावर ही माती आधी आक्रसते. मग तिच्यात हवा शिरते आणि सूक्ष्मजीव साठलेला कार्बन खाऊन कार्बन डायऑक्साइडच्या रूपात हवेत सोडतात. थोडक्यात, जमीन हवेत विरून जाते. ती जितकी खाली जाते तितकं पाणी उपसणं अवघड होतं, आणि पंप बंद केला तर शेत पुन्हा पाण्याखाली! होम फेन आज समुद्रसपाटीपेक्षाही खाली आहे.

माणूस जमीन कशी बदलतो हे सांगताना सहसा उपग्रहाचे नकाशे दाखवतात. जंगल हिरवं, शेती पिवळी, शहर राखाडी. या नकाशांचं महत्त्व आहेच. जैवविविधतेवरच्या आंतरसरकारी मंचाच्या २०१९ च्या अहवालानुसार पृथ्वीवरची सुमारे ७५ टक्के जमीन माणसाने लक्षणीयरीत्या बदलली आहे. पण नकाशावर दिसतं ते आजचं. त्या जमिनीवर काय उगवेल, कोण जगेल, हे बऱ्याचदा पूर्वी तिथे काय चालायचं यावर ठरतं. मला या विषयातला सर्वात रंजक भाग हाच वाटतो, आणि नेमकी त्याचीच चर्चा कमी होते.

मध्य फ्रान्समधल्या त्राँसे जंगलाचं उदाहरण घ्या. हे जंगल उंच, सरळ ओक वृक्षांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे फिरणाऱ्याला ते अनादि काळापासूनचं वाटावं. प्रत्यक्षात झाडांखाली जागोजाग रोमन काळातल्या वस्त्यांचे अवशेष आहेत. संशोधकांनी हे अवशेष केंद्र धरून बाहेरच्या दिशेने ठरावीक अंतरांवर वनस्पतींची यादी केली आणि मातीचे नमुने घेतले. जुन्या वस्तीजवळ स्फुरद (फॉस्फरस) जास्त निघालं, आम्लता कमी निघाली. शेणखत पडलेल्या जमिनीत नत्राच्या (नायट्रोजनच्या) जड समस्थानिकाचं, म्हणजे जरा जास्त वजनाच्या अणूंचं, प्रमाण वाढतं, तेही तिथे वाढलेलं होतं. सकस माती मानवणाऱ्या वनस्पती वस्तीभोवती दाटलेल्या, आणि दूर गेलं की आम्लधर्मी, हलक्या मातीतल्या. शेती सोडून दीड हजारांहून अधिक वर्षं झाली, तरी कोणतं रोप कुठे उभं राहील यात त्या शेतकऱ्यांचा हात अजून आहे.

इतका काळ ही खूण टिकते ती मुख्यतः स्फुरदामुळे. नत्र पाण्याबरोबर झिरपून जातं, वायू होऊन उडून जातं. स्फुरदाला ही दुसरी वाट जवळपास नाहीच. ते लोह, ॲल्युमिनियम, कॅल्शियम यांना चिकटून बसतं. गुरांनी दूरवर चरून आणलेलं, शेणातून वस्तीजवळ पडलेलं स्फुरद मग शतकानुशतकं जागच्या जागी फिरत राहतं. मुळांनी उचलायचं, पानांतून गळायचं, पुन्हा मुळांनी उचलायचं.

नांगराची खूण वेगळी असते. कधीच न नांगरलेल्या जंगलाची जमीन ओबडधोबड असते. मोठं झाड उन्मळून पडलं की मुळांच्या जागी खड्डा होतो आणि मुळांबरोबर उचकटलेली माती शेजारी उंचवटा होऊन बसते. खड्ड्यात ओल आणि पाला साठतो, उंचवट्यावर कोरडं राहतं. दोन्हीकडे वेगवेगळी रोपं धरतात. नांगर हे सगळं सपाट करतो. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड प्रदेशात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच ठिकाणी निम्म्याहून जास्त जंगल तोडून शेतं आणि कुरणं झाली होती. पुढे शेतकरी पश्चिमेकडे किंवा शहरांकडे गेले आणि झाडं परतली. आज तिथल्या घनदाट रानात मध्येच दगडी बांध लागतात. तिथली माती उभी कापून पाहिली, तर वीसेक सेंटिमीटर खोलीवर सुरीने आखल्यासारखी सरळ रेष दिसते. वर एकजीव झालेली काळसर माती, खाली फिकट. नांगराचा फाळ तिथवर पोहोचायचा.

झाडं परतली म्हणजे जंगल परतलं का? झाडांच्या बिया वाऱ्यावर किंवा पक्ष्यांच्या पोटातून दूर जातात. जंगलाच्या तळाशी वाढणाऱ्या ट्रिलियमसारख्या फुलझाडांचं तसं नाही. ट्रिलियमच्या बीला एक छोटासा स्निग्ध गोळा चिकटलेला असतो. मुंगी त्याच्या लोभाने बी वारुळात ओढून नेते, गोळा खाते आणि बी बाहेरच्या कचऱ्यात टाकून देते. प्रवास झाला बहुधा एखाद-दोन मीटरचा. त्या बीचं रोप होऊन पहिलं फूल यायला कित्येक वर्षं लागतात, बी त्यानंतर. म्हणजे जुन्या रानातून शेजारच्या सोडून दिलेल्या शेतात शंभर मीटर आत जायला या वनस्पतीला शतकं लागू शकतात. मधे डांबरी रस्ता आला तर विषयच संपला. वरून पाहणाऱ्या उपग्रहाला मात्र दोन्हीकडे तोच हिरवा रंग दिसतो.

उलट बाजूलाही असाच उशीर होतो. अधिवास तुटला म्हणून त्यातले जीव दुसऱ्याच दिवशी नाहीसे होत नाहीत. ब्राझीलमध्ये मानाउस शहराच्या उत्तरेला १९७९ मध्ये जीवशास्त्रज्ञ थॉमस लव्हजॉय यांनी एक मोठा प्रयोग सुरू केला. गुरांच्या कुरणांसाठी जंगल तोडलं जाणारच होतं. त्यात १, १० आणि १०० हेक्टरचे तुकडे मुद्दाम राखून त्यांत काय होतं ते वर्षानुवर्षं नोंदवलं गेलं. तुकड्यांच्या कडेला ऊन आणि कोरडा वारा आत घुसला, मोठे वृक्ष तिथे आतल्यापेक्षा फार वेगाने मेले. लष्करी मुंग्यांच्या फौजेमागे फिरून उडालेले किडे टिपणारे पक्षी छोट्या तुकड्यांतून लवकरच दिसेनासे झाले, कारण मुंग्यांच्या एका वसाहतीलाच एवढ्याशा जागेत भागत नाही. पुढे भोवतालची काही कुरणं सोडून दिली गेली, तिथे झुडपी रान माजलं, तेव्हा त्यातले काही पक्षी परतले. तुकडा किती मोठा याइतकंच त्याच्याभोवती काय आहे, हेही महत्त्वाचं ठरलं.

वनस्पतींचा हिशेब आणखी सावकाश चालतो. एस्टोनियाच्या सारेमा आणि मुहू बेटांवर चुनखडीवरची जुनी गवताळ कुरणं आहेत. १९३० च्या दशकानंतर ती झपाट्याने कमी झाली. एखाद्या कुरणात आज किती जाती आहेत याचा मेळ आजच्या क्षेत्रफळाशी बसत नाही, ७० वर्षांपूर्वीच्या क्षेत्रफळाशी बसतो, असं २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. बहुवर्षायू झाडोरा जुन्या भरवशावर तग धरून आहे. नवी रोपं पुरेशी येत नाहीत, म्हणजे नुकसान होऊन गेलंय, फक्त अजून वसूल झालेलं नाही. ‘अजून सगळ्या जाती आहेत ना!’ हा दिलासा म्हणूनच फसवा असतो.

ही कुरणं कमी झाली ती केवळ नांगरामुळे नव्हे. गुरं चरायची थांबली आणि झुडपं वाढली, हेही मोठं कारण होतं. एस्टोनियातच लाएलातू इथल्या कुरणात एका चौरस मीटरमध्ये ७० हून अधिक वनस्पतींच्या जाती मोजल्या गेल्या आहेत. एवढं वैविध्य टिकलं कारण माणसं पिढ्यानपिढ्या दरवर्षी तिथलं गवत कापत आली. कापणीमुळे कोणतीच जात डोईजड होत नाही, आणि गवत बाहेर गेल्याने माती फार सकस होत नाही. माणूस बाजूला झाला की निसर्ग आपोआप फुलतो, हे सरसकट खरं नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यातली काळी माती याच बाजूने साक्ष देते. कोळसा, हाडं, खापरं आणि कचरा मिसळून युरोपीय लोक येण्यापूर्वीच्या वस्त्यांनी ती तयार केली, आणि भोवतालच्या निकस जमिनीच्या तुलनेत ती आजही सुपीक आहे.

मग बिघडलेली जमीन पूर्ववत कशी करायची? इथे अनेकांना चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे अडचण बहुतेकदा सुपीकतेचीच असते. दशकानुदशकं खत पडलेल्या शेतात फुलांचं जुनं कुरण परत आणायचं म्हटलं, तर चार-दोन दांडगी गवतं सगळं बळकावतात. म्हणून नेदरलँड्समध्ये वरची कसदार माती यंत्रांनी चक्क खरवडून काढतात. शेतकऱ्याच्या काळजात धस्स व्हावं असं हे काम, आणि एवढी माती न्यायची कुठे हा खर्चिक प्रश्न उरतोच. पण नुसतं खरवडूनही भागत नाही, कारण खालच्या मातीत योग्य बुरश्या आणि सूक्ष्मजीव नसतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच प्रयोगात खरवडलेल्या शेतावर दुसरीकडच्या मातीचा एक सेंटिमीटरहूनही पातळ थर पसरला. माती कुरणातली असेल तर झाडोरा कुरणाकडे झुकला, हीथच्या झुडपी माळावरची असेल तर माळाकडे. ही विरजणाची माती मात्र एखाद्या शाबूत माळावरूनच आणावी लागते.