पीओआय आणि आययूसी: भांडण लाईनचं आणि भांडण पैशाचं

जिओ 5 सप्टेंबर 2016 ला सुरू झाली आणि जुन्या कंपन्यांशी तिची दोन भांडणं जुंपली. लोक ती दोन्ही एकच समजतात.

पीओआय म्हणजे दोन कंपन्यांची नेटवर्क जिथे जोडली जातात ती जागा. तिथला वाद लाईन किती, याचा. ई-वन या डिजिटल जोडणीत 32 टाइमस्लॉट, म्हणजे वाटा, त्यांतल्या 30 बोलण्यासाठी, एका वाटेवर एका वेळी एक कॉल. तीन मिनिटांचा कॉल धरला तर तासाला 600 कॉल जातील, हा हिशेब फसवा आहे, कारण कॉल एकामागोमाग शिस्तीत येत नाहीत, एकदम कोसळतात. गर्दीच्या तासात हजारी पाचपेक्षा जास्त कॉल अडू नयेत ही दूरसंचार नियामक ट्रायची मर्यादा पाळायची, तर एका ई-वनवर 19 अर्लांगच (सरासरी एका वेळी 19 वाटा व्यापतील एवढेच कॉल) घालता येतात, म्हणजे तासाला सुमारे 380 कॉल. शिवाय लाईन सर्कलवार, म्हणजे परवान्याच्या विभागानुसार असतात, आणि मुंबई हे वेगळं सर्कल. पुण्यात लाईन मोकळ्या असल्या तरी दादरहून ठाण्याला लावलेल्या कॉलला त्यांचा उपयोग नाही. ऑक्टोबर 2016 मध्ये ट्रायने एअरटेल, व्होडाफोन आणि आयडियाला सर्कलमागे 50 कोटी, एकूण 3,050 कोटी रुपये दंडाची शिफारस केली, ती जिओला पुरेशा लाईन न दिल्यावरून.

आययूसी म्हणजे कॉल पाठवणारी कंपनी कॉल घेणारीला मिनिटामागे देते ते पैसे. दर 14 पैसे होता, 1 ऑक्टोबर 2017 पासून 6 पैसे झाला. नव्या कंपनीचे बहुतेक कॉल बाहेरच जातात, म्हणून देणं तिच्याच माथी. 2019 मध्ये जिओने ते ग्राहकाकडून घ्यायला सुरुवात केली: 10 रुपयांच्या टॉप-अपमधून 18 टक्के जीएसटी आणि 1 रुपया प्रक्रिया शुल्क वजा करून, 6 पैशांनी 124 मिनिटं.

त्याच वर्षी कंपन्यांनी रिंगचा वेळ 25 सेकंदांवर आणला. रिंग लवकर तुटली की मिस्ड कॉल पडतो, समोरचा उलट फोन करतो आणि पैशांची दिशाच फिरते. सामान्य माणसाच्या फोनशी केलेला हा खेळ मला अजिबात मान्य नाही. ट्रायने नोव्हेंबर 2019 मध्ये मोबाईलला 30 सेकंद ठरवून तो थांबवला.

1 जानेवारी 2021 पासून आययूसी शून्य आहे. पीओआयची गरज मात्र कायम. टॉवर पूर्ण, स्वतःच्या कंपनीच्या नंबरवर कॉल लागतो, पण दुसऱ्या कंपनीच्या नंबरांवर रिंग जाण्याआधीच ‘या मार्गावरील सर्व लाईन्स व्यस्त आहेत’ ऐकू येतं, तर आधी संशय पीओआयचा घ्यावा.