आंतरराष्ट्रीय संस्थेविरुद्ध नोकरीची तक्रार: कुठे, कशी आणि किती दिवसांत

संयुक्त राष्ट्रे, युनेस्को अशा संस्थेत नोकरी असेल आणि नेमणूक वाढवली नाही किंवा बढतीत डावललं, तर देशातल्या कामगार न्यायालयात जाऊन सहसा उपयोग होत नाही. या संस्थांना न्यायालयीन कारवाईपासून संरक्षण असतं. त्यामुळे दाद मागायची ती अशा संस्थांच्या नोकरीच्या वादांसाठी असलेल्या न्यायाधिकरणातच.

आधी आपली संस्था कोणाच्या अखत्यारीत येते ते पाहा. संयुक्त राष्ट्रांचं सचिवालय, युनिसेफ, यूएनडीपी (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम) यांच्यासाठी २००९ पासून विवाद न्यायाधिकरण आणि त्यावर अपील न्यायाधिकरण आहे. जागतिक आरोग्य संघटना, युनेस्को यांसह पन्नासहून अधिक संस्थांचे दावे जिनिव्हात, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे जातात. जागतिक बँक आणि नाणेनिधी यांची न्यायाधिकरणं वेगळी.

संयुक्त राष्ट्रांत आजी-माजी कर्मचारी आणि मृत कर्मचाऱ्याच्या वतीने दावा करणारे अर्ज करू शकतात. कन्सल्टंट आणि इंटर्न यांना हा रस्ता बंद आहे; कन्सल्टंटने करारातलं लवादाचं कलम वाचावं.

खरी गोम मुदतीत आहे. संयुक्त राष्ट्रांत निर्णय कळल्यापासून ६० दिवसांत ‘मॅनेजमेंट इव्हॅल्युएशन’, म्हणजे प्रशासनाकडूनच फेरतपासणी, लेखी मागावी लागते. (शिस्तभंगाच्या शिक्षेला ही पायरी नाही, थेट न्यायाधिकरण.) समजा, ३ मार्चला ‘नेमणूक वाढवली जाणार नाही’ असा ई-मेल आला. तुम्ही एचआरला नम्रपणे फेरविचाराची विनंती केलीत, महिन्याने ‘निर्णय कायम आहे’ असं उत्तर आलं. बरेच जण त्या उत्तरापासून दिवस मोजतात आणि तिथेच फसतात. त्याच निर्णयाचा पुनरुच्चार हा नवा निर्णय धरला जात नाही. तुमची मुदत २ मेलाच संपते, आणि ही मुदत वाढवून द्यायचा अधिकार न्यायाधिकरणालाही नाही. ओम्बुड्समनशी (तक्रारी अनौपचारिकपणे मिटवणारा संस्थेतला तटस्थ अधिकारी) बोलणी चालू आहेत म्हणून दिवस आपोआप थांबत नाहीत.

फेरतपासणीचं उत्तर न्यूयॉर्कमध्ये ३०, इतरत्र ४५ दिवसांत यायला हवं. उत्तर आल्यापासून, किंवा न आल्यास ती मुदत संपल्यापासून, ९० दिवसांत अर्ज. त्यासोबत मूळ निर्णयाची प्रत, फेरतपासणीची विनंती व उत्तर, क्रमांक घातलेले पुरावे आणि वकील असल्यास अधिकारपत्र जोडा. कोणता निर्णय, कोणत्या तारखेचा आणि तुम्हाला नेमकं काय हवं, हे स्पष्ट लिहा. ‘माझ्यावर सतत अन्याय होतो’ एवढ्यावर अर्ज उभा राहत नाही. कर्मचाऱ्यांसाठीचं कायदा साहाय्य कार्यालय विनामूल्य सल्ला देतं. ई-मेल आला त्याच आठवड्यात तिथे जा.

जिनिव्हातल्या न्यायाधिकरणात संस्थेतले अंतर्गत अपिलाचे मार्ग आधी संपवावे लागतात. मग अंतिम निर्णयापासून ९० दिवस, अर्ज इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये. त्या निकालावर अपील नाही. संयुक्त राष्ट्रांत मात्र निकालाविरुद्ध ६० दिवसांत वर जाता येतं.

संयुक्त राष्ट्रांच्या न्यायाधिकरणांत भरपाई एरवी दोन वर्षांच्या निव्वळ मूळ वेतनापर्यंत मिळते. नेमणूक, बढती किंवा सेवासमाप्तीचा निर्णय रद्द झाला, तरी तो अमलात आणण्याऐवजी न्यायाधिकरणाने ठरवलेली रक्कम देऊन संस्था मोकळी होऊ शकते.