पिसानो, जेन

अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ, विद्यापीठ प्रशासक आणि लॉस एंजेलिस काउंटीच्या निसर्गइतिहास संग्रहालयाच्या माजी अध्यक्ष व संचालक. २००१ ते २०१५ या काळात संग्रहालयाची धुरा त्यांच्याकडे होती. त्या जीवाश्मतज्ज्ञ नव्हत्या की प्राणिशास्त्रज्ञ. तरीही शंभरीला टेकलेल्या या संस्थेचा कायापालट त्यांच्याच कारकिर्दीत झाला.

स्टॅनफर्ड विद्यापीठाची राज्यशास्त्रातील पदवी, जॉन्स हॉपकिन्समधून डॉक्टरेट, जॉर्जटाउन येथे अध्यापन आणि व्हाइट हाउस फेलो (अमेरिकी सरकारात वरिष्ठ पातळीवर वर्षभर काम करण्याची संधी) म्हणून निवड, हा सुरुवातीचा प्रवास. स्थानिक कारभाराशी त्यांचा संबंध आला तो लॉस एंजेलिसमध्ये. महापौर टॉम ब्रॅडली यांनी शहराच्या भवितव्याचा विचार करण्यासाठी ‘एलए २०००’ समिती नेमली होती. तिच्या आणि तिचे काम पुढे नेणाऱ्या ‘२००० पार्टनरशिप’च्या कामाचे सुकाणू पिसानोंच्या हाती होते. वाढत्या वस्तीचे आणि दूषित हवेचे प्रश्न एकेका नगराच्या हद्दीत सुटणारे नाहीत, त्यांसाठी संपूर्ण प्रदेशाची यंत्रणा हवी, असे समितीने १९८८ च्या अहवालात मांडले. त्यानंतर त्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात लोकप्रशासन विद्यालयाच्या अधिष्ठाता झाल्या आणि पुढे बाह्य संबंधांच्या वरिष्ठ उपाध्यक्ष. विद्यापीठ आणि संग्रहालय यांच्यामध्ये फक्त एक रस्ता आहे. पिसानोंनी तो ओलांडला असे म्हणायला हरकत नाही.

हे संग्रहालय अर्धे सरकारी, अर्धे खासगी. काउंटीचा पैसा आणि देणगीदारांचे प्रतिष्ठान अशा दोन आधारांवर ते उभे आहे. दोन्हीकडच्या मंडळींना एकत्र घेऊन चालायचे तर राज्यशास्त्राचे शिक्षण वाया जात नाही.

पहिला बेत मात्र फळाला आला नाही. २००२ मध्ये स्टीव्हन हॉल या वास्तुविशारदाची नव्या इमारतीसाठी निवड झाली होती. तो आराखडा कागदावरच राहिला. मग १९१३ ची मूळ वास्तूच दुरुस्त करण्याचे ठरले. भूकंपाला तोंड देता यावे म्हणून तिचे बळकटीकरण झाले. माझ्या मते हा निर्णय संग्रहालयाला लाभला, कारण इमारतीइतकेच लक्ष आतल्या दालनांकडे गेले. २०१० मध्ये सस्तन प्राण्यांचे दालन उघडले, २०११ मध्ये डायनोसॉरचे. तिथे टायरॅनोसॉरस रेक्सचे पिल्लू, अर्धवट वाढलेला आणि जवळजवळ पूर्ण वाढलेला असे तीन सांगाडे एकत्र मांडले आहेत. हा प्राणी कसा वाढत गेला ते नजरेखाली येते. शताब्दीच्या वर्षी, २०१३ मध्ये, काचेच्या नव्या मंडपात ६३ फुटी फिन देवमाशाचा सांगाडा टांगला गेला. एकूण खर्च सुमारे १३.५ कोटी डॉलर.

सर्वांत धाडसाची गोष्ट इमारतीबाहेर घडली. काँक्रीट, डांबर आणि पार्किंगने व्यापलेली साडेतीन एकर जागा मोकळी करून तिथे बाग फुलवली गेली. गाड्यांवाचून पान न हलणाऱ्या शहरात पार्किंगला हात लावणे सोपे नसते! शहरातली जीवसृष्टी हाही आता संग्रहालयाच्या अभ्यासाचा विषय झाला. लोकांच्या घरांमागील अंगणांत कीटकांचे सापळे लावले गेले आणि त्यांत सापडलेल्या इवल्याशा फोरिड माश्यांमधून ३० नव्या जाती २०१५ मध्ये जाहीर झाल्या.

लॉस एंजेलिसमधले ला ब्रेआचे प्रसिद्ध डांबरी खड्डेही, म्हणजे नैसर्गिक डांबरात अडकलेल्या प्राचीन प्राण्यांचे जीवाश्म मिळतात ती जागा, याच संस्थेच्या अखत्यारीत येतात. २००६ मध्ये शेजारच्या कलासंग्रहालयाच्या भूमिगत वाहनतळासाठी खोदकाम चालू असताना जीवाश्मांचे साठे लागले. बांधकाम खोळंबू नये म्हणून ते मातीसकट २३ अवाढव्य लाकडी पेट्यांत भरून हलवले गेले आणि पुढे सावकाश उकलण्याचे काम सुरू झाले. ‘झेड’ हा मॅमथ याच खोदकामात मिळाला.

पिसानो २०१५ मध्ये निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या लोरी बेटिसन-वार्गा भूवैज्ञानिक असल्या, तरी त्याआधी स्क्रिप्स कॉलेजच्या अध्यक्ष होत्या.