जिभाऊंना टेन्शन नाही, हायपरटेन्शन आहे

चोपड्याकडच्या आमच्या गावी गेलो की जिभाऊ एखादा कागद वाचायला पुढे करतातच. कधी बँकेचा, कधी पीकविम्याचा. यंदा दवाखान्याची फाइल होती. "वाच बरं, काय लिखेल शे." पहिल्याच पानावर घाईच्या अक्षरात तीन अक्षरं होती, एचटीएन. म्हटलं, हायपरटेन्शन.

जिभाऊ हसले. "माले कसानं टेन्शन भो? आंडेरनं लगन व्हई गयं, केयीले भाव बरा शे, कर्ज फिटनं." आमच्या अहिराणीतलं हे मराठीत असं: मला कसलं टेन्शन? पोरीचं लग्न झालं, केळीला भाव बरा आहे, कर्ज फिटलं.

आणि एवढ्यावरच त्यांनी महिनाभर गोळी बंद ठेवली होती. टेन्शन नाही, तर टेन्शनची गोळी कशाला? भाषेच्या बाजूने बघितलं तर यात खोट काढता येत नाही. खोट आहे ती शब्दात. एकाच बोर्डाखाली त्याने दोन दुकानं थाटली आहेत.

शब्द इंग्रजीतून आला, इंग्रजीत लॅटिनमधून. मूळ अर्थ ताणणं, ओढून धरणं, एवढाच. गंमत म्हणजे संस्कृतातला 'तन्' हा धातू त्याच कुळातला. तंतू, तान, ताण ही त्याचीच लेकरं. म्हणजे टेन्शन आणि ताण हे लांबचे चुलतभाऊच. एक परदेशी जाऊन परत आला आणि घरच्या भावापेक्षा जास्त भाव खाऊ लागला, इतकंच.

शब्दाचा सरळ अर्थ, व्याकरणवाले ज्याला अभिधा म्हणतात तो, बघायचा असेल तर गावातल्या टेलरकडे जावं. शिलाई मशीनच्या अंगावर दोन छोट्या चकत्या असतात, त्यांना दाबून धरणारी स्प्रिंग आणि पुढे फिरवायचा चाकासारखा स्क्रू. या सगळ्या प्रकरणाला टेलर 'टेन्शन' म्हणतो. वरचा दोरा या चकत्यांमधून जातो. स्क्रू आवळला की दोऱ्यावरची ओढ वाढते आणि बॉबिनचा खालचा दोरा कापडाच्या वर डोकावायला लागतो. सैल सोडला की खालच्या बाजूला दोऱ्याच्या गुंतवळ्या लोंबतात. चांगला टेलर कापडाच्या चिंधीवर चार टाके मारून बघतो, स्क्रू पाव आटा फिरवतो आणि म्हणतो, "टेन्शन बसलं." तो त्याच्या डोक्यातल्या टेन्शनबद्दल बोलत नाही, हे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. कारण वस्तू समोर असते.

वस्तू दिसेनाशी झाली की गोंधळ सुरू होतो.

शेतावरून जाणारी हाय टेन्शन लाइन घ्या. दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या आसपास हे लोखंडी मनोरे रांगेने उभे दिसतात. कित्येकांची समजूत अशी की तारा फार घट्ट ताणलेल्या असतात म्हणून हाय टेन्शन. मीही लहानपणी हेच धरून चाललो होतो. इथलं टेन्शन ओढीचं नाही, व्होल्टचं आहे. विजेच्या जुन्या इंजिनिअरांच्या इंग्रजीत व्होल्टेजला टेन्शन म्हणत, तेच वायरमनच्या तोंडी एलटी (लो टेन्शन) आणि एचटी (हाय टेन्शन) होऊन राहिलं. घरात २३० व्होल्ट, गावाच्या डीपीपर्यंत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपर्यंत, येणारी लाइन बहुधा ११,००० व्होल्टची, आणि मोठ्या मनोऱ्यांवर चार लाख, कुठे कुठे त्याहूनही जास्त. एवढं चढवायचं कारण साधं आहे. व्होल्टेज दहापट केलं की तेवढीच वीज नेताना करंट एक दशांश होतो, आणि तारेतली नासाडी करंटच्या वर्गाने घटत असल्याने शंभरावा भाग उरते.

व्होल्टचं हे टेन्शन एका जागी नसतंच, ते दोन जागांमध्ये असतं. म्हणून एकाच तारेवर दोन्ही पाय टेकवून बसलेल्या साळुंकीला काही होत नाही. दोन्ही पाय सारख्याच व्होल्टवर. वटवाघळाचे पंख लांब, ते दोन तारांना एकदम लागतात, आणि मग आठवडाभर ते तिथेच लटकलेलं दिसतं. शेतकऱ्याचं तसं होतं ते स्प्रिंकलरचा ॲल्युमिनियमचा पाइप उभा करताना. एक टोक तारेला, दुसरं हातात, पाय ओल्या मातीत. मध्ये हजारो व्होल्टचं अंतर. पाइप आडवा न्यायचा, एवढीच त्यावरची शहाणीव.

बरं, तारांची खरीखुरी ओढ? ती मुद्दामच बेताची ठेवतात. दोन खांबांमधली तार नीट बघा, झोळ दिसेल. तार पूर्ण सरळ करायची तर ओढ इतकी वाढवावी लागेल की खांब तरी वाकेल नाहीतर तार तरी तुटेल. शिवाय धातू तापला की लांबतो. ॲल्युमिनियमची १०० मीटर तार ३० अंशांनी तापली तर साधारण ७ सेंटिमीटरने वाढते. सात सेंटिमीटर ऐकायला काहीच नाही, पण ती वाढ झोळात उतरते तेव्हा तार त्याच्या कितीतरी पट खाली येते. म्हणून आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात तारा लोंबतात, वाऱ्याने एकमेकींना घासतात, ठिणग्या पडतात. थोडक्यात, हाय टेन्शन लाइनचं खरं टेन्शन मे महिन्यात सर्वांत कमी असतं आणि खाली शेत असलेल्याचं सर्वांत जास्त.

दोन्ही प्रकारचं शब्दशः टेन्शन एकाच तारेत बघायचं तर भुसावळला फलाटाच्या टोकाला जाऊन उभं राहावं. इंजिनाला वीज देणारी वरची तार २५,००० व्होल्टची. हे झालं विजेचं टेन्शन. पण इंजिनाच्या छतावरची वीज घेणारी चौकट, पेंटोग्राफ, त्या तारेला घासत धावते, तिथे झोळ चालत नाही, म्हणून ती सुमारे एक टनाच्या ओढीने ताणून ठेवलेली असते. ही ओढ उन्हाळ्या-हिवाळ्यात सारखी राहावी म्हणून काही खांबांवर पुलीला वजनं टांगलेली असतात, एकावर एक रचलेल्या चकत्या. तार तापून लांबली की वजनं खाली उतरतात आणि जादा लांबी ओढून घेतात. थंडीत तीच वजनं वर चढतात. मी गाडीची वाट बघताना ती वजनं बघत बसतो, फुकटचं थर्मामीटर. आणि खाली बाकावर पाच तास लेट गाडीची घोषणा ऐकणाऱ्या माणसाचं टेन्शन तिसरंच. एकच शब्द, पण वरच्या तारेत तो दोनदा मोजता येतो आणि बाकावर एकदाही नाही.

मराठीने इथे एक वेगळंच काम करून ठेवलं आहे. इंग्रजीला विजेत ओढ दिसली, आपल्याला दाब दिसला. वीज कंपनीच्या कागदावर एचटी म्हणजे 'उच्चदाब' आणि एलटी म्हणजे 'लघुदाब'. रक्ताचंही तसंच. इंग्रजीत हायपरटेन्शन, मराठीत उच्च रक्तदाब. दाब हा शब्द ऐकून कुणाला काळजी आठवत नाही, पाण्याची मोटार आठवते. जिभाऊंच्या फाइलवर 'उच्च रक्तदाब' असं दोन-चार अक्षरं जास्त खर्चून लिहिलं असतं, तर त्यांची गोळी बंद पडली नसती असं मला अजूनही वाटतं.

कारण हायपरटेन्शनमधलं टेन्शन टेलरच्या दोऱ्यासारखं आहे, मनातल्या घोरासारखं नाही. हृदय रक्त ढकलतं, रक्त धमनीच्या भिंतीवर दाब देतं, भिंत ताणली जाते. दंडाला पट्टा बांधून फुगवतात आणि हा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. वरचा आकडा हृदय आकुंचन पावतानाचा, खालचा ते सैल पडतानाचा. १२० आणि ८० च्या आसपास असेल तर ठीक. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४० किंवा ९० आणि त्याच्या वर राहू लागला की डॉक्टर एचटीएन लिहितात. बहुतेकांत त्याचं एकच एक कारण सापडत नाही. वय, घराणं, वजन, मीठ, तंबाखू, दारू, हालचाल नसणं, असं सगळं मिळून ते होतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभराहून थोडं कमीच. आपल्या ताटात शेवभाजी, वर पापड, बाजूला ठेचा आणि लोणचं. हिशोब ज्याने त्याने करावा.

मनाच्या टेन्शनचा रक्तदाबाशी संबंधच नाही असं नव्हे. भांडण झालं, पोरगा वेळेवर घरी आला नाही, की आकडा चढतो, आणि मन शांत झालं की उतरतो. काहींचा तर डॉक्टरांचा पांढरा कोट बघूनच चढतो. सतत काळजीत राहिल्याने झोप जाते, तंबाखू वाढते आणि हे सगळं दाबाला हातभारही लावतं. पण उलट बाजू खरी नाही. मन निवांत आहे म्हणून दाब ठीक असेल, असं अजिबात नाही. बऱ्याच जणांना डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, काहीच कळत नाही. सुखी माणसाला हायपरटेन्शन असू शकतं आणि ज्याला रात्रभर झोप नाही त्याचा आकडा १२०-८० येऊ शकतो.

आता दुसरं दुकान, लक्षणेचं, म्हणजे लाक्षणिक अर्थाचं. इथे शब्दाचा माल वेगळा आणि क्रियापदंही वेगळी. टेन्शन येतं, टेन्शन घेतात, टेन्शन देतात, पोरं तर बापाचं टेन्शन 'वाढवतात'ही. आपल्याकडे "टेन्शन नको लेऊ", म्हणजे घेऊ नको, हे "राम राम" इतकंच सहज निघतं. इंग्रजीत असं घेणं-देणं नाही. तिकडे या अर्थाला वरी किंवा स्ट्रेस म्हणतात, आणि टेन्शन बहुधा दोन माणसांत, दोन देशांत असतं, विजेसारखं, दोन टोकांच्या मध्ये. तो अर्थ मराठीने 'तणाव'कडे सोपवला. गावात दोन गटांत 'तणाव' होतो, 'टेन्शन' झालं असं बातमीत कोणी लिहीत नाही. तंबूच्या दोराला तणावा म्हणतात हे आठवलं की बातमीतल्या त्या तणावालाही खुंट्या दिसायला लागतात. चिंता आणि काळजी या जुन्या शब्दांत वजन आहे. काळजीत मायाही आहे, "काळजी घे" म्हणता येतं. टेन्शन त्या मानाने हलकं. ते पटकन घेता येतं, पटकन सोडता येतं, म्हणूनच लोकांना आवडलं असावं.

आणि शेतातला 'ताण' या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी उभा आहे. पावसाने ताण दिला म्हणजे पंधरा दिवस तोंड दाखवलं नाही, कपाशीने माना टाकल्या. डाळिंबाच्या, लिंबाच्या बागेला ताण देतात म्हणजे पाणी तोडतात, झाड पानं गाळतं, मग खत-पाणी सोडलं की बहार फुटतो. इथे दोर नाही, ओढ नाही, व्होल्ट नाही, तरी झाडाला काहीतरी खरंच होतं. हा अर्थ शब्दशः म्हणावा की लाक्षणिक, यावर माझं आणि कृषी सहायकाचं एकदा चहाभर बोलणं झालं आणि चहा संपला तरी ते मिटलं नाही.

दोन टेन्शनं ओळखायची माझी खूण एका प्रश्नाची आहे. शब्दशः टेन्शनला 'किती?' विचारता येतं आणि उत्तरात एकक येतं. दोऱ्याला ग्रॅम, रेल्वेच्या तारेला टन, लाइनला व्होल्ट, रक्ताला पाऱ्याचे मिलिमीटर. लाक्षणिक टेन्शनला विचारायचं 'कसलं?' आणि उत्तरात लगीन येतं, कर्ज येतं, दहावीचा निकाल येतो. तिथेही लोक 'लई टेन्शन' म्हणतात खरं, पण लई हे काही एकक नाही. जिभाऊंनी फाइल बघून "कसानं टेन्शन?" विचारलं होतं, तिथे "कितलं?" विचारायला हवं होतं.

हे सगळं त्यांना ओट्यावर बसून सांगितलं. शिलाई मशीन, भुसावळची वजनं, साळुंकी, सगळं. त्यांनी साळुंकीचं तेवढं लक्ष देऊन ऐकलं. दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन आलो, डॉक्टरांनी पुन्हा मोजलं, १६४ आणि ९८, आणि गोळी परत सुरू झाली. घरात मोजायचं मशीनही आणून दिलं, बटण दाबलं की पट्टा आपोआप फुगणारं.

नंतर कुठेतरी कळलं की फ्रेंचमध्ये व्होल्टेजलाही टेन्शन म्हणतात आणि रक्तदाबालाही, आणि नर्स रक्तदाब मोजते तेव्हा ती 'टेन्शन घेते' असाच तिकडचा वाक्प्रचार आहे. हे जिभाऊंना मी सांगितलेलं नाही. पण त्यांनी आपल्या मनानेच तिथवर मजल मारली. आता दर रविवारी सकाळी फोन येतो. मागून काकूंचा आवाज असतो, हात हालवू नका म्हणून. पट्ट्याचा फुस्स आवाज संपला की जिभाऊ सांगतात, "आज टेन्शन लिधं भो. एकशे अडोतीस."