जाळीतल्या फटी, बॉनेटवरचे आकडे: युद्धातली वाहने फोटोवरून ओळखण्याची पार्श्वभूमी

जुन्या युद्धाच्या फोटोत एखादा ट्रक दिसला की नवख्याची नजर आधी रंगवलेल्या खुणांवर जाते: पांढरा तारा, काळा क्रॉस, दारावरचा आकडा. मुरलेला माणूस आधी चाकं, एक्सल आणि समोरची जाळी बघतो. कारण साधं आहे. खूण ब्रशच्या दोन फटकाऱ्यांत बदलते, गाडीचा सांगाडा बदलायला कारखाना लागतो.

पहिल्या महायुद्धात ही अडचण वेगळीच होती. सैन्याकडे स्वतःची म्हणावी अशी वाहनं फार कमी होती. उरलेली नागरी वापरातून उचललेली. लंडनच्या रस्त्यांवर धावणाऱ्या बी-टाइप बस शेकड्यांनी फ्रान्सला गेल्या आणि खिडक्यांना फळ्या ठोकून सैनिक वाहू लागल्या. त्या काळातली लॉरी ओळखायची तर आधी त्या काळातला बाजार माहीत हवा. रणगाडे त्यामानाने सोपे. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत पहिल्यांदा उतरलेल्या ब्रिटिश मार्क १ ला मागे वळणासाठी दोन चाकांची शेपटी होती. ती लवकरच काढून टाकली गेली. मार्क ५ च्या छतावर मागच्या बाजूला आणखी एक चौकोनी केबिन आली. एवढ्या दोन गोष्टींवर बरेच फोटो निकाली निघतात.

खरी गुंतागुंत दुसऱ्या महायुद्धात झाली. ओळखीची गरजही तिथेच जिवावरची बनली: समोरून येणारी गाडी आपली की शत्रूची, हे काही सेकंदांत ठरवायचं. म्हणून बाह्याकृतींचे तक्ते छापले गेले, खेळायचे पत्ते निघाले, सैनिकांकडून आकार घोकून घेतले गेले. तरीही घोळ व्हायचा तो व्हायचाच. बाजूला पातळ पोलादी झडपा लावलेला जर्मन पॅन्झर ४ रणगाडा लांबून त्याहून मोठ्या टायगर रणगाड्यासारखा दिसे, आणि अहवालात टायगर म्हणूनच नोंदला जाई. आजही फोटोंखाली अशा टायगरांची पैदास जोरात चालू असते.

त्या काळच्या खुणांना मात्र पक्की पद्धत होती. अमेरिकन गाडीच्या बॉनेटवर नोंदणीचा आकडा असे आणि त्याचे सुरुवातीचे अंक वाहनाचा प्रकार सांगत: २० म्हणजे जीप, ३० म्हणजे रणगाडा. सुरुवातीला हे आकडे मळकट निळ्या रंगात असत, हिरव्या रंगावर ते जेमतेम दिसत. पांढरे नंतर आले. ब्रिटिशांनी आकड्यापुढे अक्षर ठेवलं: लॉरीला एल, मोटारसायकलला सी, रणगाड्याला टी, चिलखती मोटारीला एफ, रुग्णवाहिकेला ए. पिवळ्या गोलातला आकडा म्हणजे पूल पेलू शकेल असा वजनाचा वर्ग, जीपचा २. जर्मन नंबरप्लेटवर डब्ल्यूएच म्हणजे भूदल, डब्ल्यूएल म्हणजे हवाईदल, डब्ल्यूएम म्हणजे नौदल. डिव्हिजनचं चिन्ह मडगार्डवर असे, जसं ब्रिटिश ७ व्या आर्मर्ड डिव्हिजनचा वाळवंटी उंदीर किंवा ४ थ्या भारतीय डिव्हिजनचा लाल गरुड. नेमकी हीच खूण सेन्सॉर खरवडून काढायचा. प्रसिद्ध झालेल्या फोटोत मडगार्डवर धुरकट डाग दिसला तर तो चिखल असेलच असं नाही.

जीपचं उदाहरण थोडं जवळून बघण्यासारखं आहे, कारण युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीप बनल्या आणि जवळजवळ सगळ्या एकसारख्या दिसतात. बँटम कंपनीने १९४० मध्ये पहिला नमुना दिला, पण मोठी कामं विलीज आणि फोर्डला गेली. विलीजच्या सुरुवातीच्या सुमारे २५ हजार गाड्यांना सपाट पट्ट्या वेल्ड करून बनवलेली जाळी होती. फोर्डने एकाच पत्र्यातून ठोकून काढलेली नऊ फटींची जाळी आणली. ती हलकी आणि स्वस्त होती, म्हणून १९४२ मध्ये विलीजनेही तीच घेतली. त्यानंतर समोरून दोन्ही गाड्या जुळ्या. फोटो खालच्या कोनातून घेतला असेल तर मात्र जाळीखालचा आडवा दांडा दिसतो: विलीजचा गोल नळीचा, फोर्डचा उलट्या पन्हाळीसारखा. सात फटी आणि मोठे हेडलाइट दिसले, तर ती युद्धानंतरची नागरी जीप. तिला मागे उघडणारी फळी असते आणि जादा चाक बाजूला.

इथे एक तर्क पक्का धरावा लागतो. फोटोतली सगळ्यात नवी वस्तू तारीख सांगते, जुनी वस्तू काहीच सांगत नाही. पट्ट्यांची जाळी असलेली जीप १९४५ मध्येही पळत असू शकते, पण नऊ फटींची विलीज १९४२ आधी असू शकत नाही. जर्मन रणगाड्यांवरचा झिमेरिट हा खरखरीत लेप, चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून लावलेला, १९४३ च्या उत्तरार्धात सुरू झाला आणि सप्टेंबर १९४४ मध्ये बंद झाला. लेप दिसला तर फोटो १९४३ च्या उत्तरार्धाआधीचा नाही हे नक्की. सप्टेंबर १९४४ नंतरचा नाही असं मात्र म्हणता येत नाही, कारण लेप काही कोणी खरवडत बसलं नाही.

रंगाबद्दल तर हात आखडताच घ्यावा. जर्मनांनी फेब्रुवारी १९४३ मध्ये गडद राखाडी सोडून गडद पिवळा मूळ रंग घेतला, पण कृष्णधवल फिल्मवर धुळीने माखलेला राखाडी आणि ताजा पिवळा यांत फरक करणं म्हणजे अंदाजपंचे.

त्यात भर पडली लुटीच्या गाड्यांची. १९४० मध्ये ब्रिटिश सैन्य फ्रान्समधून निघालं तेव्हा सुमारे ६४ हजार वाहनं मागे राहिली. बेडफर्ड, मॉरिस अशा लॉऱ्यांवर डब्ल्यूएच रंगवून जर्मन त्या थेट रशियापर्यंत घेऊन गेले. परकीय युद्धसामग्रीची त्यांची अधिकृत यादीच होती आणि तिच्यात प्रत्येक देशाला एक अक्षर. उलट्या बाजूनेही परक्या गाड्या होत्या, फक्त लुटीऐवजी मित्रदेशाच्या मदतीतून आलेल्या: सोव्हिएत कात्युशा रॉकेटं फोटोत बहुतेकदा अमेरिकन स्टुडबेकर ट्रकवर बसलेली दिसतात. पुढे पुढे तर कंपनीचं नावही भरवशाचं राहिलं नाही. १९४४ मध्ये ओपेल ब्लिट्झ हा जर्मन ट्रक डाइम्लर-बेंझच्या कारखान्यातही बनू लागला. त्याची केबिन लाकडी चौकटीची खोक्यासारखी होती आणि जाळीवर ओपेलचं चिन्ह नव्हतं.

हे सगळं आज शौकिनांच्या हाती कसं आलं? युद्धानंतर शिल्लक गाड्या स्वस्तात विकल्या गेल्या, त्या दुरुस्त करायला सुट्या भागांचे कॅटलॉग लागले, आणि भाग ओळखता ओळखता फोटो वाचायची कला तयार झाली. पुढे संग्रहालयांनी फोटो खुले केले. जर्मनीच्या बुंडेसआर्काइव्ह या राष्ट्रीय अभिलेखागाराने २००८ च्या डिसेंबरमध्ये सुमारे ८० हजार फोटो विकिमीडिया कॉमन्स या इंटरनेटवरच्या खुल्या संग्रहाला दिले, मूळ मथळ्यांसकट. ते मथळे युद्धकाळच्या प्रचाराचे आहेत. त्यातलं ठिकाण, तारीख किंवा गाडीचं नाव चुकलेलं असू शकतं, हे आर्काइव्हने स्वतःच बजावून सांगितलं आहे.

आता शेवटचा गोंधळ युद्धोत्तर गाड्यांचा. फ्रेंच सैन्याने युद्धातल्या जीप वर्षानुवर्षं खोलून पुन्हा जोडल्या, त्यात विलीजच्या सांगाड्यावर फोर्डची बॉडी सर्रास बसली. शिवाय हॉचकिस या फ्रेंच कंपनीने परवान्यावर एम २०१ नावाची जीप १९६० च्या दशकापर्यंत बनवली, आणि तारा रंगवून तीच चित्रपटांत व संचलनांत १९४४ ची म्हणून फिरते. अशा फोटोत जीपकडे बघण्याआधी मागच्या गर्दीचे कपडे, रस्त्यावरचे पट्टे आणि टायरची नक्षी बघितलेली बरी.