संसर्गपूर्व प्रतिबंधक औषध (प्रेप) : ठाणे–नवी मुंबई परिसरातील उपलब्धता व सातत्य

एचआयव्हीची लागण झालेली नाही, पण होण्याचा धोका आहे, अशा व्यक्तीने लागण टाळण्यासाठी आधीपासून घ्यावयाचे विषाणुरोधक औषध. व्यवहारात ‘प्रेप’ हेच नाव रूढ आहे. सर्वांत प्रचलित गोळीत तेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिल फ्युमरेट (३०० मिग्रॅ.) आणि एमट्रिसिटाबिन (२०० मिग्रॅ.) ही दोन द्रव्ये असतात. संबंधानंतर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावयाचा औषधोपचार (पेप) आणि लागण झालेल्यांनी आजन्म घ्यावयाचा एआरटी उपचार यांहून ही पद्धत वेगळी आहे. तिन्हींतील द्रव्ये बरीचशी सारखी असल्याने गोंधळ होतो. प्रेप घेणारा माणूस एचआयव्हीबाधित समजला जातो आणि तेवढ्या भीतीने कित्येक जण दुकानाच्या पायरीवरूनच परत फिरतात. गुप्तरोग वा गर्भधारणा यांपासून ही गोळी संरक्षण देत नाही. त्यासाठी निरोध वापरावाच लागतो.

उगम : या कल्पनेचे जनकत्व कोणाकडे जाते याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक १९९४ हे वर्ष धरतात. त्या वर्षी एचआयव्हीबाधित गरोदर स्त्रियांना झिडोव्हुडिन हे विषाणुरोधक औषध दिल्यास बाळाला होणारी लागण सुमारे दोन-तृतीयांशाने घटते, असे दिसून आले. मात्र तेथे आई आधीच बाधित असते, त्यामुळे त्या प्रयोगाला पूर्वसुरी म्हणणे योग्य. उगम म्हणणे थोडे ताणल्यासारखे होते. दुसरा पक्ष १९९५ मधील माकडांवरील प्रयोगाचा आहे. त्यात तेनोफोव्हिर दिलेल्या माकडांना माकडांमधील समधर्मी विषाणूची लागण झाली नाही. हे द्रव्य प्राग येथील रसायनशास्त्रज्ञ आंतोनिन होली यांच्या संशोधनातून आले. निरोगी प्राण्याला आधी औषध आणि मग विषाणू, हा क्रम येथे प्रथम स्पष्ट दिसतो, म्हणून प्रस्तुत नोंदीत हा दुसरा पक्ष अधिक ग्राह्य मानला आहे. हिवतापाच्या प्रदेशात जाण्यापूर्वी गोळ्या घेण्याची प्रथा याहून पुष्कळ जुनी असून तिचे साम्य सर्वच पक्ष मान्य करतात.

मानवी चाचण्यांची सुरुवात सुखाची नव्हती. कंबोडियातील नियोजित चाचणी २००४ मध्ये आणि कॅमेरूनमधील चाचणी २००५ मध्ये थांबवावी लागली. ज्या स्त्रियांवर प्रयोग व्हायचा, त्यांना विश्वासात घेतले नव्हते, चाचणीदरम्यान लागण झाल्यास पुढे काय, याचे समाधानकारक उत्तर नव्हते. पुढील सर्व कार्यक्रमांत वस्तीतील लोकांना आधी सोबत घेण्याचा आग्रह दिसतो, त्याचे मूळ या दोन घटनांत शोधावे लागते.

परिणामकारकतेचा पहिला ठोस पुरावा आयप्रेक्स चाचणीने (२०१०) दिला. पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष व पारलिंगी स्त्रिया (जन्मतः पुरुष, पण स्वतःला स्त्री मानणाऱ्या) अशा सहा देशांतील २,४९९ जणांच्या या चाचणीत लागण ४४ टक्क्यांनी घटली. हा आकडा मध्यम वाटतो, पण त्यामागचे रक्ततपासणीचे निष्कर्ष अधिक बोलके आहेत. तपासलेल्या नमुन्यांपैकी लागण न झालेल्यांत सुमारे निम्म्यांच्या (५१ टक्के) रक्तात औषध सापडले, तर लागण झालेल्यांत केवळ ९ टक्क्यांच्या. केनिया व युगांडातील पार्टनर्स प्रेप चाचणीत, जेथे जोडीदाराला लागण आहे हे दोघांनाही माहीत होते, घट ७५ टक्के होती. याउलट आफ्रिकेतील तरुण स्त्रियांच्या फेम-प्रेप व व्हॉइस या चाचण्यांत गोळीचा उपयोग दिसला नाही. व्हॉइसमध्ये तर ३० टक्क्यांहून कमी नमुन्यांत औषध आढळले. गोळी तीच होती. ती पोटात गेली नव्हती. अमेरिकेच्या औषध नियामकाने जुलै २०१२ मध्ये या वापरास मान्यता दिली आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लक्षणीय धोका असलेल्या सर्वांसाठी शिफारस केली.

सातत्याची संकल्पना : इंग्रजी ग्रंथांत दोन वेगळ्या संज्ञा आहेत. एक (‘अ‍ॅडहेरन्स’) ठरल्या वेळी ठरलेली मात्रा घेण्याविषयीची, दुसरी महिनोन् महिने औषध चालू ठेवण्याविषयीची. मराठीत दोन्हींसाठी ‘औषधपालन’, ‘नियमितता’, ‘सातत्य’ हे शब्द सरमिसळ वापरले जातात. समुपदेशकांच्या बोलण्यात मूळ ‘अ‍ॅडहेरन्स’च ऐकू येतो. बोलीत मात्र हा भेद नेमका उमटतो : ‘डोस चुकला’ आणि ‘गोळ्या सुटल्या’. पहिल्याला नियमितता व दुसऱ्याला सातत्य म्हणावे, असे सुचवावेसे वाटते, कारण दोहोंवरचे उपाय निराळे आहेत. चुकलेल्या डोसला मोबाइलचा गजर पुरतो. सुटलेल्या गोळ्यांमागे पैसा, घर, प्रवास, दवाखान्यातील वागणूक असे काहीतरी असते. धोका उरला नाही म्हणून विचारपूर्वक गोळी थांबवणे हे यांपैकी कशातच मोडत नाही. त्याला अपयश समजू नये.

किती गोळ्या पुरतात, हा प्रश्न वादाचा आहे. आयप्रेक्सच्या आधारे केलेल्या गणितानुसार आठवड्याला दोन गोळ्यांनी ७६ टक्के, चार गोळ्यांनी ९६ टक्के आणि सात गोळ्यांनी ९९ टक्के संरक्षण मिळते. हे अंदाज गुदमार्गी संबंधांपुरते आहेत. योनीच्या ऊतींत तेनोफोव्हिरचा कार्यकारी अंश कित्येक पटींनी कमी साठतो, म्हणून स्त्रियांनी रोजची गोळी चुकवू नये, असे मत दीर्घकाळ प्रचलित आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात आठवड्याला चार ते सहा गोळ्या नेमाने घेणाऱ्या स्त्रियांतही लागण अत्यल्प दिसली. नवे मत दिलासादायक असले तरी सल्ला देताना रोजच्या गोळीचाच आग्रह धरणे सुरक्षित. ‘दोन-एक-एक’ ही प्रासंगिक पद्धत (संबंधापूर्वी २ ते २४ तास दोन गोळ्या, पहिल्या मात्रेनंतर २४ व ४८ तासांनी एकेक) फ्रान्स व कॅनडातील इपरगे चाचणीतून पुढे आली. तेथे घट ८६ टक्के होती. ही पद्धत स्त्रियांसाठी, इस्ट्रोजेन संप्रेरके घेणाऱ्या तृतीयपंथीयांसाठी आणि हेपटायटिस-बी असलेल्यांसाठी नाही. हेपटायटिस-बीच्या रुग्णाने ही गोळी अचानक सोडल्यास यकृताचा दाह उसळू शकतो. सुरुवातीला काहींना मळमळ होते, ती बहुधा काही आठवड्यांत ओसरते. मूत्रपिंडाच्या कार्यासाठी क्रिएटिनिनची आणि दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची तपासणी आवश्यक असते.

भारतातील स्थिती : देशात सुमारे २५ लाख व्यक्ती एचआयव्हीसह जगत असून राज्यांत महाराष्ट्राची संख्या सर्वाधिक आहे. तेनोफोव्हिर–एमट्रिसिटाबिनच्या जेनेरिक गोळ्या सिप्लासारख्या मुंबईच्याच कंपन्या बनवतात आणि त्या जगभर जातात. कोलकात्यात दरबार महिला समन्वय समिती व म्हैसुरात अशोदया समिती या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनांनी प्रेपचे प्रात्यक्षिक प्रकल्प स्वतः राबवले आणि तेथील सातत्य उत्तम राहिले. आफ्रिकेतील फसलेल्या चाचण्यांशेजारी हे निष्कर्ष ठेवून वाचावेत. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने (नाको) २०२२ मध्ये तांत्रिक मार्गदर्शक सूचना काढल्या. एआरटी २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळते. प्रेप मात्र मुख्यतः खासगी डॉक्टर, स्वयंसेवी संस्थांचे दवाखाने आणि स्वतःचा खिसा यांवर अवलंबून राहिले. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने (अंमल १० सप्टेंबर २०१८ पासून) संमती व गोपनीयता बंधनकारक केली.

ठाणे–नवी मुंबई : मुंबईसाठी स्वतंत्र जिल्हा एड्स नियंत्रण संस्था आहे; मुलुंडचा नाका ओलांडला की कारभार महाराष्ट्र राज्य संस्थेकडे जातो. नवी मुंबई महापालिका दिघ्यापासून बेलापूरपर्यंत ठाणे जिल्ह्यात, तर खारघर–पनवेल रायगड जिल्ह्यात. खारघरला राहणारा, ऐरोलीत रात्रपाळी करणारा आणि जोडीदाराला भेटायला दादरला जाणारा तरुण एका दिवसात तीन यंत्रणांच्या हद्दी ओलांडतो. त्याची तपासणी एकीकडे, चिठ्ठी दुसरीकडे आणि गोळ्या तिसरीकडे, अशी फरफट झाली की तीन महिन्यांनंतरची फेरतपासणी हमखास हुकते.

गरज असलेले लोकही एकजिनसी नाहीत. तुर्भे–वाशीच्या बाजार समितीत उतरणारे ट्रकचालक, भिवंडीच्या यंत्रमागांवरील परप्रांतीय कामगार आणि तेथील हनुमान टेकडीच्या वस्तीतील स्त्रिया, लोकलमध्ये व सिग्नलवर फिरणारे तृतीयपंथी, महापे–ऐरोलीच्या कंपन्यांतील समलिंगी तरुण, आणि एकाला लागण असलेली जोडपी. नाकोच्या लक्ष्यगट प्रकल्पांतील (टीआय) क्षेत्रकार्यकर्ते यांतील पहिल्या काही गटांपर्यंत पोहोचतात. मोबाइलवरील अ‍ॅपमधून भेटणारा तरुण कोणत्याच यादीत नसतो. नवऱ्याच्या धोक्यामुळे स्वतः धोक्यात आलेली घरातली बाई तर प्रेपचे नावही ऐकत नाही, आणि ही या सर्व व्यवस्थेतील सर्वांत मोठी उणीव आहे.

गोळी सुटण्याची कारणे बरीचशी घरातली आहेत. चाळीत वा वन-रूम-किचनमध्ये बाटली ठेवायला जागा नसते. हलवली की ती खुळखुळते, आणि आई विचारते, ‘कसल्या गोळ्या रे?’ नाक्यावरचा मेडिकलवाला वडिलांच्या ओळखीचा असतो. गणपतीत किंवा शिमग्याला पंधरा दिवस गावी गेले की बाटली मागेच राहते. यावर गोळ्या साध्या डबीत काढून घेणे, जेवण किंवा दात घासणे अशा ठरलेल्या कामाशी गोळी जोडणे, तीन महिन्यांचा साठा एकदम देणे, हे उपाय समुपदेशक सुचवतात. तृतीयपंथीयांत आणखी एक शंका आढळते : या गोळीने संप्रेरकांचा परिणाम जाईल का? थायलंडमधील अभ्यासात संप्रेरकांमुळे तेनोफोव्हिरची पातळी किंचित घटली. उलट बाजूने गोळीमुळे संप्रेरके घटली नाहीत. एवढी माहिती गुरूच्या तोंडून चेल्यांपर्यंत गेली तर पत्रकांची गरज उरत नाही.

अशा माहितीला विश्वासाची जागा लागते. तृतीयपंथीयांनीच चालवलेले ‘मित्र’ क्लिनिक हैदराबाद व पुण्याबरोबर ठाणे जिल्ह्यात कल्याणलाही २०२१ मध्ये सुरू झाले होते. एचआयव्ही तपासणी, समुपदेशन आणि संप्रेरकांविषयीचा सल्ला एकाच छताखाली मिळत असे. अमेरिकी मदत गोठवली गेल्यावर जानेवारी २०२५ च्या अखेरीस ही केंद्रे बंद पडली. दवाखाना बंद होणे हेही गोळ्या सुटण्याचे कारण असते आणि त्याचा दोष रुग्णाच्या कार्डावर ‘अनियमित’ असा लिहिणे अन्याय्य आहे.

दीर्घकालीन मात्रा : दोन महिन्यांनी एकदा घ्यावयाचे कॅबोटेग्राव्हिर (जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस २०२२) आणि वर्षातून दोनदा घ्यावयाचे लेनाकापाव्हिर (शिफारस जुलै २०२५) ही इंजेक्शने रोजच्या गोळीला पर्याय आहेत. लेनाकापाव्हिरच्या आफ्रिकेतील चाचणीत ते घेतलेल्या २,१३४ स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही. जेनेरिक उत्पादनाचे परवाने मिळालेल्या सहा कंपन्यांत पुण्याची एमक्युअर आहे. डॉ. रेड्डीज व हेटेरो यांच्या मालाची किंमत २०२७ पासून गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी वर्षाला सुमारे ४० डॉलर ठरली आहे. इंजेक्शनला लपवायची बाटली नसते. वर्षातून दोनदा ते टोचणारी ओळखीची, वाईट नजरेने न पाहणारी परिचारिका मात्र कळवा, वाशी वा भिवंडीत जवळपास असावी लागते.