नवी साइट लाइव्ह करताना: ए रेकॉर्ड बदलायचा की नेमसर्व्हर?

साइट तयार झाली, क्लायंटची मंजुरी आली, आणि लाइव्ह करायच्या दिवशी एजन्सी एका ओळीची सूचना पाठवते: ‘डोमेनचे नेमसर्व्हर बदलून घ्या.’ नवी साइट दिसू लागते, सगळे खूश. मग क्लायंटचा फोन येतो की ऑफिसचे मेल काही येतात, काही येत नाहीत. अशा बहुतेक कामांत नेमसर्व्हरला, म्हणजे डोमेनच्या सगळ्या डीएनएस नोंदी जगाला सांगणाऱ्या सर्व्हरला, हात लावायचं कारणच नसतं; ए रेकॉर्ड, म्हणजे साइटचा पत्ता सांगणारी एकच नोंद, बदलून भागलं असतं.

ए रेकॉर्ड तुम्ही रोज वापरता, त्यामुळे त्यावर फार बोलत नाही. एका नावासमोर एक आयपी पत्ता. तो बदलला की त्या नावाची साइट नव्या सर्व्हरवर जाते, बाकीच्या नोंदी जागच्या हलत नाहीत.

नेमसर्व्हर बदलल्यावर मात्र डोमेनची सगळी नोंदवहीच बदलते. जुन्या ठिकाणच्या एमएक्स (मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचा ते सांगणारी नोंद), एसपीएफ, डिकिम, डीमार्क (मेल खरा की बनावट हे तपासायला लागणाऱ्या नोंदी), सबडोमेन, निरनिराळ्या सेवांनी मागितलेल्या पडताळणीच्या टीएक्सटी नोंदी यांतलं काहीही आपोआप नव्या ठिकाणी जात नाही. तिथे जे कोणी हाताने भरलं असेल, तेवढंच जगाला दिसतं. नव्या होस्टिंगने तयार करून दिलेल्या झोनमध्ये, म्हणजे त्या नोंदवहीत, साइटपुरत्या नोंदी असतात, आणि एमएक्स असलाच तर तो त्यांच्याच सर्व्हरकडे बोट दाखवतो. क्लायंटचा मेल दुसऱ्याच सेवेवर आहे, हे त्या झोनला कुठून कळणार?

हा घोटाळा लगेच उघड होत नाही, हे जास्त वाईट. ‘.कॉम’च्या वरच्या पातळीवर नेमसर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल (नोंद कॅशमध्ये किती वेळ ठेवायची ती मुदत) १,७२,८०० सेकंद, म्हणजे पूर्ण ४८ तास आहे, आणि तो तुम्हाला कमी करता येत नाही. त्या काळात काही मेल सर्व्हर जुना झोन वाचतात, काही नवा. चाचणीचा मेल पोहोचतो आणि सगळे निर्धास्त होतात. नव्या झोनमध्ये एमएक्स नसेल तर पाठवणारा सर्व्हर नियमानुसार ए रेकॉर्डवरच्या पत्त्यावर मेल द्यायला जातो. तिथे वेब सर्व्हर असतो, तो मेल घेत नाही. मग मेल पाठवणाऱ्याच्या रांगेत पडून राहतो आणि कित्येकदा काही दिवसांनी परत जातो. तोवर कोणाला पत्ताच नसतो.

‘सगळ्या नोंदी बाहेरून शोधून उतरवून घेऊ’ हेही पुरत नाही. डिकिमची नोंद सिलेक्टरच्या (मेल सेवेने ठरवलेल्या एका खुणेच्या) नावाखाली असते. ते नाव माहीत नसेल तर विचारायचं काय? पूर्ण झोन बाहेरच्यांना सहसा मिळत नाही. जुन्या खात्यात लॉगिन करून झोन फाइल एक्सपोर्ट करणं, हाच भरवशाचा मार्ग. नोंदी आपोआप स्कॅन करून भरून देणाऱ्या सेवांवर विसंबू नका, त्यांच्याकडूनही काही सुटतात.

म्हणून माझं मत ठाम आहे: लाइव्ह करायच्या दिवशी फक्त ए रेकॉर्ड बदलायचा. आधी त्याचा टीटीएल ३०० करा, पण वेळेवर. जुना टीटीएल १४,४०० सेकंद असेल तर किमान चार तास आधी, नाहीतर लोकांच्या कॅशमध्ये जुनाच पत्ता राहील. मग पत्ता बदला. बिघडलं तर जुना पत्ता परत टाका, पाच-दहा मिनिटांत बहुतेकांना पूर्ववत दिसेल. नेमसर्व्हरच्या बाबतीत असं चटकन मागे फिरता येत नाही.

ए रेकॉर्डनेही मेल बंद पडतो, अशी एक परिस्थिती आहे. मेल आणि साइट एकाच जुन्या सर्व्हरवर असतील तर एमएक्समध्ये बऱ्याचदा डोमेनचंच नाव असतं, किंवा ‘मेल’ हे सबडोमेन सीनेमने (एक नाव दुसऱ्या नावाला जोडणाऱ्या नोंदीने) मूळ डोमेनला बांधलेलं असतं. पत्ता बदलला की मेलही साइटमागोमाग जातो. आधी ‘मेल’साठी जुन्या आयपीचा स्वतंत्र ए रेकॉर्ड करा, एमएक्स तिकडे वळवा, मग साइट हलवा.

आयपीव्ही६ची एएएए नोंद (नव्या पद्धतीच्या आयपी पत्त्यासाठीचा ए रेकॉर्डच) असेल तर तीही बदला किंवा काढा. ती तशीच राहिली तर काहींना जुनीच साइट दिसत राहते, आणि लेट्स एन्क्रिप्टची (साइटसाठी मोफत सुरक्षा प्रमाणपत्र देणाऱ्या सेवेची) पडताळणी आधी त्याच पत्त्यावर जात असल्याने प्रमाणपत्रही अडकू शकतं.

डोमेन एका रजिस्ट्रारकडून (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडून) दुसऱ्याकडे नेणं ही तिसरीच गोष्ट. साइट लाइव्ह करण्याशी तिचा संबंध नाही.

नेमसर्व्हर बदलावेच लागतात अशी कामं असतात: जुनी डीएनएस सेवा बंद होतेय, किंवा सीडीएनला (साइटच्या प्रती जगभरच्या सर्व्हरवरून देणाऱ्या सेवेला) पूर्ण झोन हवाय. ते लाइव्हच्या दिवशी नको, वेगळ्या दिवशी करा. सगळ्या नोंदी नव्या झोनमध्ये भरा, नव्या नेमसर्व्हरलाच थेट ‘डिग’ने (डीएनएस नोंदी विचारायच्या कमांडने) विचारून एकेक उत्तर जुन्याशी ताडून पाहा, मगच रजिस्ट्रारकडे बदल करा. जुना झोन किमान आठवडाभर तसाच चालू ठेवा. आणि डीएनएससेक (डीएनएस नोंदींवर डिजिटल सही करायची सोय) चालू असेल तर जुना डीएस रेकॉर्ड, म्हणजे ती सही ताडायची वरच्या पातळीवरची नोंद, रजिस्ट्रारकडून आधी काढून त्याचा टीटीएल संपू द्या. तो राहिला आणि नव्या झोनची सही जुळली नाही, तर सही तपासणाऱ्या रिझॉल्व्हरवरून (लोकांसाठी नावाचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरवरून) साइट आणि मेल दोन्ही गायब होतात. गूगलचा ८.८.८.८ आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हे दोन्ही रिझॉल्व्हर सही तपासतात.